टिपक्याच्या कानातला सोबती

कुत्री गोचिडांवर अजून भरवसा ठेवायची, तेव्हाची गोष्ट. उकिरड्यावरून सोडवलेल्या टिपक्याला हेमांगीताई आपल्या जीपमधून नव्या घरी नेत होत्या. सुट्टीचा दिवस घालवून, पदरचं डिझेल जाळून.

टिपक्याच्या कानात एक टम्म फुगलेला गोचीड राहायचा. जीप हलताच तो म्हणाला, "बघितलंस? माझ्यासाठी गाडी आली!"

पण वाटेत जनावरांच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे असं कळलं, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "कान दाखवू नकोस हं. आजारी ठरलास तर परत उकिरडा! तुझ्या वाईट दिवसांत कोण होतं रे तुझ्याजवळ? मीच ना?"

टिपक्याला पटलं. डॉक्टरांनी कानाला हात लावताच तो चक्क गुरगुरला.

"गोचीडताप आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चिमट्याने गोचीड ओढून बाटलीत टाकला.

"औषध संपेपर्यंत माझ्याकडे राहील, मग जाईल नव्या घरी," हेमांगीताई म्हणाल्या.

"कृतघ्न!" बाटलीतून गोचीड ओरडला. "इतकी वर्षं तुला सांभाळलं!"

टिपक्याला क्षणभर खरंच वाईट वाटलं. सवयीने त्याने कान खाजवायला मागचा पाय उचलला. खाजवायला काहीच नव्हतं. मग उचललेला पाय वाया कशाला घालवायचा, म्हणून त्याने बाटलीवरच धार सोडली.