शंखातलं पोळं

त्या मुलखात मऊ अंगाच्यांना शंख दिलेले होते आणि कडक चोचीच्यांना मान. ही वाटणी कुणी केली, हे कुणी विचारत नसे. बांधाच्या सावलीत राहणाऱ्या गोगलगायींना ती बरीच वाटे. संकट आलं की आत जायचं, टळलं की बाहेर यायचं. बांधावरच्या चिंचेत राहणाऱ्या भारद्वाजाला तर तक्रारीचं कारणच नव्हतं. तांबूस पंख, लाल डोळे, सावकाश चाल. तो दिसला की दिवस शुभ जातो, अशी साऱ्या मुलखाची खात्री होती. तो खाली उतरला की खारी हातातलं काम टाकून हात जोडत आणि साळुंक्या पोरांना पुढे करत. तो खाली कशासाठी उतरतो, हे मात्र कुणाच्या तोंडी येत नसे.

तो गोगलगायी खायला उतरत असे.

भिवरा आणि येसू या एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या बहिणी. अळूच्या पानांखाली दोघींचं बिऱ्हाड होतं. येसू धीट, बोलकी, सगळ्यांच्या पुढे चालणारी. भिवरा तिच्या मागून, तिच्याच ओल्या वाटेवरून चालत असे, कारण त्या वाटेवर चालणं सोपं जायचं. एका सकाळी भारद्वाज उतरला, त्याने येसूला चोचीत धरलं आणि बांधाच्या टोकाच्या सपाट दगडावर नेलं. भिवरा तीन पानं सोडून होती. असल्या वेळी जे करायचं असतं तेच तिने केलं. शिंगं मिटली, मान ओढली आणि ती आत गेली.

आतून तिला सगळं ऐकू आलं. येसूचा शंख चांगला जाड होता, त्यामुळे बराच वेळ लागला. आपटणं, मग जरा थांबणं, मग पुन्हा आपटणं. येसूने एकदाच हाक मारली, "भिवरे गं!" भिवरा आणखी एक वेढा आत सरकली.

बाहेर आली तेव्हा दगडावर शंखाच्या खापऱ्या पडल्या होत्या आणि जवळच एक खार डोळे मिटून उभी होती. "उजवीकडून दर्शन झालं," ती भिवराला म्हणाली. "आता बघ आठवडा कसा जातो."

बांधाचा कारभार एका थोराड बेडकाकडे होता. त्याला सगळे आप्पा म्हणत. भिवरा दिवसभर सरपटत त्याच्यापर्यंत पोचली.

"आप्पा, माझ्या बहिणीला मारलं त्यानं."

"त्यांनी," आप्पाने दुरुस्ती केली. "उजवीकडून आले होते का डावीकडून?"

"उजवीकडून. पण आप्पा—"

"मग वाईट कसं म्हणायचं, बाई? तुझ्या बहिणीला तर अगदी जवळून दर्शन घडलं. आमच्या नशिबी एवढं कुठलं?"

हे बोलताना आप्पाचे डोळे भरून आले. त्याच्या आवाजात जराही लबाडी नव्हती आणि तेच भिवराला सोसलं नाही. लबाडी असती तर तिने ती ओळखली असती आणि निदान त्याच्या तोंडावर थुंकून तरी आली असती. रागाने लाल व्हायची सोय गोगलगायीच्या अंगाला नसते. ती होती तशीच करडी दिसत परत फिरली. पण परतीच्या वाटेवर तिने ठरवलं, की तो मेला पाहिजे. म्हातारा होऊन नव्हे, फांदी मोडून नव्हे. माझ्या हातून मेला पाहिजे आणि का मरतोय ते त्याला कळलं पाहिजे. आपल्याला हात नाहीत ही अडचण तिला तेव्हा सुचलीसुद्धा नाही.

ती अडचण दूर करणारा कुंपणापलीकडे बसत असे. रंगराव सरडा त्याचं नाव. विंचवाच्या नांग्या, साळिंदराचे काटे, खाजकुयलीच्या शेंगा, ज्याला जे हवं ते तो पुरवी. भिवराचं बोलणं त्याने मान हलवत ऐकून घेतलं आणि दगडाच्या फटीतून एक कागदी पोळं काढलं. सुपारीहून थोडं मोठं. त्याला सहा घरं होती आणि प्रत्येक घरात एक गांधीलमाशी, डोकं आत आणि नांगी बाहेर करून बसलेली.

"एवढंसंच?" भिवराने विचारलं.

"मोठी पोळी पुष्कळ आहेत, बाई. पण मोठं पोळं कुणी बरोबर बाळगत नाही. घरी ठेवतात. आणि वेळ येते तेव्हा ते घरीच राहिलेलं असतं. जवळ असेल तेच आपलं." रंगरावाने पोळं तिच्या शंखाच्या तोंडाशी धरून पाहिलं. "तुम्ही तर घरच पाठीवर घेऊन हिंडता. तुमच्यासारखं सोयीचं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं. एक वेढा तेवढा मोकळा करा. बाहेरून दिसायचं नाही, चालताना वाजायचं नाही. पाठीने भिंतीला दोनदा धक्का दिलात की एक सुटते. सुटलेली परत येत नाही, पण बाकीच्या असतातच."

"टोचतं का?"

"आठ दिवस. मग अंगवळणी पडतं. पुढे तर जवळ नसलं की चुकल्यासारखं वाटतं."

मोबदला त्याने घेतला नाही. चार जणींना सांगा, एवढंच म्हणाला. अट एकच घातली, की शंखाचं दार कधी लावायचं नाही, यांना वारा लागतो. भिवराने हो म्हटलं. त्या घडीला तिने कशालाही हो म्हटलं असतं.

आठ दिवस खरोखर टोचलं. पाठीशी कागदाची कड घासे, आतल्या आत गुणगुण चाले, वळताना अंग चोरावं लागे. नवव्या दिवशी भिवरा पानाच्या देठावरून खाली आली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की पोळ्याची आपल्याला आठवणच राहिली नव्हती. तिला मोठं समाधान वाटलं. ओझं म्हणून नव्हतंच ते. ते पाठीशी असलं की कणा असल्यासारखं वाटे आणि कणा ही वस्तू तिने त्याआधी कधी अनुभवलेली नव्हती.

तिच्या चालण्यात फरक पडला. पूर्वी गोम समोर आली की ती कडेला होई, आता होईना. गोमच वळून जाई. आपण का वळलो हे गोमेलाही सांगता आलं नसतं. खार हात जोडताना दिसली की भिवरा तिच्याकडे टक लावून बघे आणि मनाशी म्हणे, तुझ्यासाठीही एक आहे. आप्पासाठी एक तिने केव्हाच राखून ठेवली होती. दोन भारद्वाजाच्या दोन डोळ्यांना. उरलेल्या दोन कुणासाठी, ते ठरवताना तिचे दिवस छान जात. सूड उगवायचा बाकी असला की माणसाला जशी भूक लागते, तशी तिलाही लागू लागली. ती दुप्पट पानं खाऊ लागली.

मग उन्हाळा आला. त्या मुलखातल्या गोगलगायी उन्हाळा जागून काढत नसत. अंगच्याच चिकाचं पातळ झाकण शंखाच्या तोंडावर चढवायचं, दार बंद करायचं आणि गारवा पडेपर्यंत झोपायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. एकेक दार बंद होत गेलं. सगळ्यात शेवटी सोनाआत्या उरली. ती भिवराच्या वडिलांची बहीण.

"भिवरे, दार लाव गं आता. झळा लागतात."

"मला झोप नाही, आत्या."

"तो काय, चिंचेवर आहे आणि चिंचेवरच राहील. तू आधी जग. येसू असती तर तिनं हेच सांगितलं असतं."

"येसू असती तर," भिवरा म्हणाली, "मी पण झोपले असते."

मग सोनाआत्यानेही झाकण चढवलं. बांधाच्या सावलीत आता एकटी भिवरा जागी होती.

एकटी म्हणजे अगदीच एकटी नव्हे. आत वर्दळ वाढली होती. सहा घरांची नऊ झाली, नवांची पंधरा. गांधीलमाश्या बोलायला अत्यंत सभ्य होत्या. "बाई, जरा सरकता का?" त्या विचारत आणि भिवरा एक वेढा पुढे सरकत असे. तिला त्याचं वाईट वाटत नसे. जास्त माश्या म्हणजे जास्त नांग्या, हा हिशेब सरळ होता. तिचं अंग आता बरंचसं बाहेरच असे. दुपारी कातडी तडतडे, शिंगांची टोकं सुकत, पण आत जावं असं तिच्या मनात येत नसे. शेवटची आत गेली होती तेव्हा तिने काय ऐकलं होतं, ते ती विसरली नव्हती. पुन्हा आत जायचं नाही, ही तिने स्वतःला दिलेली शिक्षा होती आणि तिला तो पराक्रम वाटत होता.

एक दिवस कोवळ्या उन्हात भारद्वाज उतरला. सगळी दारं बंद, त्यामुळे तो उपाशी होता. पिसं विस्कटलेली, मान बारीक झालेली. त्याला एक जागी गोगलगाय दिसली आणि ती पळत नव्हती. उलट, ती सपाट दगडावर चढून त्याची वाट बघत होती.

नेम साधायला शंखाचं तोंड वर करायला हवं होतं आणि अंग मधे येत होतं. भिवराने उरलेला शेवटचा वेढाही सोडला. शंखातून पुरती बाहेर पडलेली गोगलगाय त्या मुलखात कुणी पाहिलेली नव्हती. भारद्वाजही क्षणभर थबकला.

"येसू आठवते?" तिने विचारलं.

"कोण येसू?" त्याने खरोखरच विचारलं.

भिवराने पाठीने शंखाला दोन धक्के दिले. मग आणखी दोन, मग ती मोजायची थांबली. पहिली माशी डाव्या डोळ्याला लागली, दुसरी उजव्या. तिसरी त्याच्या उघड्या चोचीत शिरली. तो दगडावरून खाली कोसळला, पंख आपटत कुंपणाच्या मुळाशी गेला, पुन्हा दगडाशी आला. त्याला दिशा राहिल्या नव्हत्या. बराच वेळ लागला. भिवरा जवळ सरकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "येसू म्हणजे माझी बहीण." तो पुन्हा आपटला. ती पुन्हा म्हणाली. त्याच्या पायांची हालचाल थांबेपर्यंत ती तेच म्हणत राहिली, म्हणजे तो विसरून मेला असं व्हायला नको.

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणाला मारून आत कुठेतरी पोकळी वाटते म्हणतात, तसलं काही तिला वाटलं नाही. तिचा सगळा जीव येसूच्या नावाने भरून आला होता आणि तिने त्या मेलेल्या पिसांवरून, मुद्दाम, लांबलचक ओली वाट काढली.

तोवर ऊन वर आलं होतं. दगड तापला. पोटाखाली चटका बसला तेव्हा भिवराच्या ध्यानात आलं, की आपल्या अंगावर काहीच नाही. सुकत चाललेल्या पाठीवर धुळीचे कण चिकटत होते. आता तिला सावली हवी होती, गारवा हवा होता, डोळे मिटायचे होते. आता झोपायला हरकत नव्हती. कितीतरी दिवसांनी तिला आपल्या शंखात जावंसं वाटलं आणि ती जमेल तेवढ्या घाईने त्याच्याकडे निघाली.

शंख दोन हातांवर आडवा पडला होता. तिथवर पोचायला तिला अर्धी दुपार लागली. अंगातला ओलावा वाटेतच संपला आणि शेवटचा टप्पा तिने स्वतःला नुसतं ओढत नेलं. शंखाच्या तोंडापर्यंत करडा कागद येऊन ठेपला होता. आत नव्या, कालपरवा घरातून निघालेल्या माश्या होत्या. तिला कधी बाहेरून न पाहिलेल्या.

भिवराने कडेला डोकं टेकलं.

"कोण आहे?" आतून विचारणा झाली.

"मी भिवरा. हे माझं घर आहे. जरा सरकता का?"

आत थोडी कुजबुज झाली. मग कागदाच्या एकेका घरातून एकेक नांगी बाहेर आली आणि साऱ्याच्या साऱ्या तिच्याकडे वळल्या.