चाळीस गोण्यांचं सरबत

एकदा एका खाडीच्या नाक्यावर एक म्हातारा बाहेर जाणाऱ्या मालाला परवाने देत असे. म्हातारा भारी चेष्टेखोर. हाताखालचा शिष्य मात्र इतका गंभीर, की त्याला हसवायचा नाद खाडीतल्या माशांनीही सोडला होता.

पण त्याचं गंभीर असणं उगाच नव्हतं. नाक्यावरून सोरा जाई. सोरा पाण्यात टाकला की पाणी गार होतं, आणि गंधक-कोळशाबरोबर कुटला की बंदुकीची दारू होते. त्या वर्षी खाडीपलीकडे लुटारू गावं जाळत होते, आणि शिष्याची बहीण तिथेच नांदत होती.

एके दिवशी एक व्यापारी चाळीस गोण्या सोरा घेऊन आला. कागद चोख, शिक्के गोल, हसू त्याहून गोल.

"पलीकडे जहागीरदारांकडे लग्न आहे, बाबा. सरबताचे हंडे गार करायचे."

"चाळीस गोण्या? अहो शेठ, नवरदेव गोठेल की!"

शिष्याने कागद तीनदा वाचला. एकही चूक सापडेना, म्हणून चौथ्यांदा वाचायला घेतला. (हसू नका. कागद चोख दिसला की आपणही डोळे मिटूनच सही करतो.)

म्हाताऱ्याने शेजारच्या मिठागरातून टोपल्या मागवल्या, गोणी सोडली आणि सोऱ्यात मीठ कालवू लागला.

"बाबा, हे काय? वर तक्रार जाईल!" शिष्य कुजबुजला.

व्यापारी तर किंचाळलाच, "सत्यानाश केलात मालाचा!"

"सत्यानाश कसला? हंड्याबाहेरच्या पाण्यात मीठ पडलं तर सरबत आणखी गार होईल."

व्यापाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तो होडीकडे धावला. नाक्यावरच्या शिपायांनी त्याला धरलं.

म्हातारा हात झटकत म्हणाला, "माल काय आहे ते गोणी सांगते, पोरा. कशासाठी आहे ते ना गोणी सांगते, ना कागद. मिठाने दारू ओल धरते, फुसकी निघते. खरोखर लग्नघरी निघालेला माणूस मिठाला कशाला भिईल? बरं, हा पूर्वी आला होता?"

"मागच्या महिन्यात. अकरा गोण्या. तुम्ही तापाने पडला होतात. शिक्का... मीच मारला."

म्हाताऱ्याची चेष्टा थांबली. "मग त्या कुठे पोचल्या, ते बघून ये."

शिष्याने पलीकडे पाहिलं. धूर दिसत होता. तो चुलींचा की घरांचा, हे इथून ओळखू येत नव्हतं. ओळखायचं तर जवळच जायला हवं.

तो होडीत चढला.