तात्यासाहेबांची म्हैस आणि प्रश्नबंदी

"उद्यापासून वर्गात जो प्रश्न विचारील, त्याने बाहेर जायचं! मग तो पोलंडचा असो, नाहीतर पाटणचा!"

विधी महाविद्यालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब ढमढेरे गरजले. कारणही तसंच भयंकर होतं. कायद्याचं इंग्रजी शिकायला आपली, पोलंडची आणि केनियाची मुलं संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमायची आणि मिळून करार लिहायची. तात्यासाहेबांनी नमुना म्हणून आपलीच म्हैस विकण्याचा करार स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून दिला. दीड पान, आणि वाक्य एकच! पूर्णविराम येईपर्यंत म्हैस एकदा व्याली असती.

आपल्या मुलांनी लहानपणापासूनच्या सवयीने माना डोलावल्या. "समजलं, सर!"

परदेशी मुलांनी मात्र चक्क विचारलं, "सर, याचा अर्थ काय?"

केवढा हा उद्धटपणा!

"उद्या मी स्वतः वर्गात बसतो," तात्यासाहेब म्हणाले. "करारातलं अक्षर बदलायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही. आणि करार सगळ्यांना समजलाच पाहिजे! नाहीतर वर्ग कायमचा बंद!"

वर्ग बंद होणं वैजू सुतारला परवडणारं नव्हतं. घरी संगणक नव्हता; इंग्रजी बोलायला तिला एक शेळी होती, आणि ती बिचारी कधी 'येस'सुद्धा म्हणाली नव्हती. वैजूच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला उत्तर मिळायचं ते याच वर्गात.

ती उठली. "सर, नियम सगळ्यांना सारखाच ना?"

"अर्थात! कायद्यापुढे सगळे समान!"

त्या संध्याकाळी वैजूने वर्गातल्याच संगणकावरून पडद्यावरच्या मित्रांना एवढंच सांगितलं, "उद्या काही विचारू नका. जे समजलं असेल, ते ठणकावून सांगा."

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब पुढच्या खुर्चीत ऐसपैस बसले. केनियाची वांजिरू हसून म्हणाली, "सर, करार फारच छान! म्हैसही मला मिळाली आणि तिचे पैसेही मलाच. आभारी आहे!"

तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या.

पोलंडचा टोमाश म्हणाला, "मला समजलं ते असं. विकणाऱ्याने म्हशीबरोबर आमच्या घरी यायचं आणि जन्मभर दूध काढून द्यायचं."

तात्यासाहेब खुर्चीच्या कडेवर आले.

"मला जरा वेगळं समजलं," वैजू शांतपणे म्हणाली. "म्हैस जागची हलत नाही. विकला जातो तो विकणाराच."

"अरे गाढवांनो!" तात्यासाहेब ताडकन उठले. "असं कुठे लिहिलंय माझ्या करारात?"

वैजूने जाऊन अदबीने दार उघडलं.

"या, सर."

"कुठे?"

"हा तुमचा दुसरा प्रश्न झाला, सर! आमच्यापैकी कुणी एकही विचारला नाही."

तात्यासाहेबांनी उघड्या दाराकडे पाहिलं, हातातल्या कराराकडे पाहिलं, आणि तो पहिल्यांदाच नीट वाचून पाहिला. मग जे हसू फुटलं, ते थांबेना! डोळे पुसत ते म्हणाले, "पोरी, हे मलाच कळत नाहीये! प्रश्नबंदी उठवली! वर्ग चालू राहील, करार सगळे मिळून नव्याने लिहा. आणि घरूनही या मित्रांशी बोलायला माझ्या टेबलावरचा नवा लॅपटॉप तू ने, तुझाच तो. फक्त एक कर..."

"काय, सर?"

"त्या पोलंडच्या पोराला कळव, दूध काढायला मी येणार नाही!"