राजेसाहेबांचा घोडा कुठं बांधायचा?

बोरखळीच्या शाळेला दोन दिवसांत कुलूप लागणार होतं! जयवंतराजांच्या मनानं घेतलं होतं, की राज्यातली कुठली शाळा किती झाडं लावते, मुलांना झाडापाण्याचं काय शिकवते, ते तपासायचं आणि सगळ्यांत मागे पडेल ती शाळा बंद करायची. कारकून वह्या घेऊन गावोगाव फिरले. राजधानीच्या शाळेच्या नावावर निघाली हजार झाडं, बोरखळीच्या नावावर चौदा.

शाळेत पाणी भरणाऱ्या तान्हूबाईनं हे ऐकलं आणि घागर तिथंच ठेवली. शाळा गेली की पोरं पुन्हा गुरांमागे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक. ती तडक दरबारात गेली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, की आमची चौदा त्या हजारांना भारी आहेत.

राजे एक नंबरचे हट्टी. म्हणाले, "मग उद्या दुपारी सिद्ध कर. वही उघडायची नाही, साक्षीदार आणायचा नाही. जमलं नाही, तर कुलूप!"

दरबार फिदीफिदी हसला. तान्हूबाईनं पदर खोचला.

"महाराज, उद्या तुम्ही राजधानीच्या शाळेत बक्षीस द्यायला जाणार. घोड्यावरून जा, आणि घोडा तिथल्या एखाद्या झाडाच्या सावलीत बांधा. बांधता आला, तर कुलूप मी माझ्या हातानं लावीन."

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. मैदानात मुलं झाडांचे उपयोग घडाघडा म्हणत होती. सावलीचा उपयोग म्हणता म्हणता दोघांना घेरी आली. राजे लगाम धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. झाड काही दिसेना. शेवटी मोठे पंतोजी घाम पुसत कबूल झाले, की दहा वर्षं दरसाल शंभर झाडं लावली खरी, पण खड्डे तेच शंभर. जुनं वाळलं की त्यातच नवं, म्हणजे पुन्हा खणायला नको.

"आणि दरसाल आम्ही आमच्या हातानं लावतो ते?" राजांनी विचारलं.

पंतोजींनी एका खड्ड्याकडे बोट दाखवलं. फेटा सावरत दहा वर्षं आपण इथंच वाकत आलो, हे राजांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

तशीच सगळी वरात बोरखळीला गेली. घोडा निंबाखाली विसावला. मुलं जेवून उठली आणि कुणी न सांगता एकेका झाडाच्या बुंध्याशी जाऊन हात धुऊ लागली. राजे बघतच राहिले.

"तान्हूबाई, राजाच्या हातची झाडं मेली आणि तुमची जगली. असं कसं?"

"महाराज, तिकडं झाड लावायला राजा येतो, मग पाणी घालायला कुणी जात नाही. आमच्याकडं राजा कधी आलाच नाही, म्हणून पोरांनाच रोज यावं लागलं."

राजे असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं! त्यांनी बोरखळीच्या शाळेला विहीर दिली, तान्हूबाईला साडीचोळी दिली आणि हुकूम सोडला, की यापुढे राज्यातल्या सगळ्या शाळांची तपासणी तान्हूबाईच करील, तीही वैशाखात, भर दुपारी.

त्या संध्याकाळी राजधानीत एकाही कुंभाराकडे घागर उरली नाही. सगळ्या पंतोजींनी नेल्या!