नारबाने आणलेली तार

एका गावात नारबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ आणि डोक्यानं अगदी कोरा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. खरी अडचण तीच होती.

त्याची बायको चंद्रभागा घरी बसून नथी करायची. तिच्या हातच्या नथीला पंचक्रोशीत मान होता. त्या वर्षी नारबाच्या भाचीचं, शेवंतीचं लग्न ठरलं. नथ मामाकडून, हे उघडच होतं. शेवंतीचं नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून चापाची नथ करायची ठरली, नाकाला चिमटा घेऊन बसणारी.

नवऱ्या मुलाची आई बैठकीत म्हणाली, "आमच्यात अंतरपाट सरला की पोराला पयली नथ दिसाया लागती. त्याबिगर हार पडत न्हाई."

"दिसंल की," चंद्रभागा म्हणाली. सगळ्या बायकांसमोर तिनं शब्द दिला आणि तार आणायला नारबाला बाजारात धाडलं. इथंच तिचं चुकलं.

"नथीसाठी तार आणा," ती म्हणाली. नारबानं तार आणली. वेटोळं खांद्यावर टाकून आणलं.

"अवो, हिच्यावर लुगडी वाळत घालू का? मोती कसं ओवू हिच्यात? हा मोती संगं ठेवा. तार त्याच्या भोकातनं गेली तरच घ्यायची."

"आधी सांगायचंस की," नारबा म्हणाला.

चंद्रभागेनं एक जुनी नथ उकलली आणि तिच्या बारीक तारेत मोती ओवून टाकले. आता चाप तेवढा राहिला. नारबा पुन्हा बाजारात गेला. तारवाल्यानं चापाची तार पुढं केली. नारबानं खिशातून मोती काढला. तार भोकातून जाईना.

"नगं ही."

"पाव्हणं, चापाला हीच लागती."

"मोती न्हाई म्हणतोय."

तासभर खटपट केल्यावर केसाएवढी एक मऊ तार मोत्यातून गेली. नारबा खूश होऊन घरी आला. चंद्रभागेनं तिचा चाप वळला. तो शिजलेल्या शेवईसारखा लोंबायला लागला.

"अवो, चापाची तार ताठ लागती! वाकवून बघायचं. वाकवली की टुणकन जागेवर आली पायजे. न्हाई आली तर सोडून द्यायची."

"आधी सांगायचंस की."

तिसऱ्या खेपेला चंद्रभागेनं तारेबरोबर नवरीसाठी एक आरसाही सांगितला. नारबानं आधी आरसा हातात घेतला. वाकवला. आरशाचे दोन तुकडे झाले. नारबानं थोडा वेळ वाट पाहिली. आरसा जागेवर आला नाही. मग सांगितल्याप्रमाणे त्यानं तो सोडून दिला. आरसेवाल्यानं मात्र नारबाला लवकर सोडलं नाही.

तिथून सुटल्यावर त्यानं तारवाल्याकडच्या एकूण एक तारा वाकवल्या. जी तार टुणकन उलटली आणि तारवाल्याची टोपी गटारात गेली, ती त्यानं घेतली.

चंद्रभागेनं कपाळावर हात मारला. "आरसा कुनी वाकवतं व्हय? जी वस्तू ज्या कामाची, त्या कामाला लावून बघावी. आरसा असला तर तोंड बघावं. व्हाण असली तर पायात घालावी."

"आधी सांगायचंस की."

तार मात्र खरोखर ताठ होती. चंद्रभागा दुपारभर पक्कड घेऊन तिच्याशी झगडली, तेव्हा कुठं चाप झाला. त्यात तिचं बोट सापडलं, ते निळं पडलं. लग्नाच्या दिवशी जरा सैल करून घालू, असं म्हणून तिनं नथ डबीत ठेवली.

लग्नाच्या सकाळी ती शेवंतीची वेणी घालत होती. नथ घरीच राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं. तिनं नारबाला पिटाळलं. "डबी घेऊन या. आत नथ हाय का, नीट बघून आणा."

नारबानं घरी येऊन डबी उघडली. नथ होती. नथ कुठल्या कामाची? नाकात घालायच्या कामाची. घरात त्या वेळी नाक एकच होतं.

चाप बसला. असा बसला की नारबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ओढला तर आणखी आवळला. मुहूर्त जवळ आलेला, म्हणून तो तसाच धावत मांडवात गेला.

चंद्रभागेनं ओढून पाहिलं. नारबाच्या बहिणीनं ओढून पाहिलं. नाक आलं, नथ आली नाही. पकडीनं तोडावी, तर मोती मांडवभर झाले असते. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. चंद्रभागेला रडू फुटलं. "चारचौघींत शब्द दिला हो मी! आता कुठनं दिसायची नथ?"

नारबाला फार वाईट वाटलं. बायकोला रडताना तो पाहू शकत नसे. मामा म्हणून तो शेवंतीच्या मागं उभा होता. त्यानं विचार केला. पहिली नथ दिसली पाहिजे. नथ तर इथंच आहे.

अंतरपाटाच्या पलीकडं नवरदेवाच्या कानात त्याची आई सांगत होती, "नथ दिसली की हार घाल. बाकी कायबी बघू नगंस."

शेवटचं 'सावधान' झालं. नारबानं शेवंतीला हलकेच बाजूला सारलं आणि पुढं सरकला. अंतरपाट सरला. नवरदेवाला पहिली नथच दिसली. चंद्रभागेचा शब्द खरा झाला.

नवरदेवानं नारबाच्या गळ्यात हार घातला.

वाजंत्री बंद पडली. नवरदेवाची आई किंचाळली, "अरं मुडद्या, नवरीच्या गळ्यात घालायचा!"

"आधी सांगायचंस की," नवरदेव म्हणाला.

नारबाला भाचेजावई एकदम पसंत पडला.