न मागितलेली परवानगी

"म्हणजे एकदा परवानगी दिली, की तिचा हक्क संपला. बरोबर ना, ब्रदर?"

निरंजन वाघुळदेनं हे उभ्याउभ्याच विचारलं. मठाच्या बागेत आल्यापासून तो येरझाऱ्या घालत होता.

ब्रदर फिंटन बाकावर बसून वाटाणे सोलत होते. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी आयर्लंडचा जमीन कायदा शिकवण्यात हयात घालवली होती. जळगावहून आलेला निरंजन त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. आता तो गॉलवेत वकिली करत होता, पण सवड मिळाली की मठात येऊन गुरूंच्या शेजारी बसायचा.

आज मात्र त्याचं बूड टेकत नव्हतं.

"कुणाचा हक्क?" फिंटननी विचारलं.

"डेलिया गेरटीचा."

निरंजननं यंदा समुद्राकाठी एक शेत विकत घेतलं होतं. तिथे त्याला घर बांधायचं होतं. पण नेमक्या त्याच जागेवरून एक पायवाट जात होती. त्या वाटेनं म्हातारी डेलिया रोज सकाळी शेताच्या टोकाला जायची. तिथे एका दगडी गडग्याच्या कुंपणाआत तिचं बाळ पुरलेलं होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना तिच्या तरुणपणी चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. माणसं त्यांना अशीच कुठेतरी, बांधाला नाहीतर किनाऱ्याला, ठेवून येत.

"कायदा काय म्हणतो?"

निरंजननं धडाधड सांगितलं. "दुसऱ्याच्या जमिनीतून कुणी वर्षानुवर्षं ये-जा केली... जबरदस्तीनं नाही, चोरून नाही, मालकाच्या परवानगीनंही नाही... तर ती वाट त्याच्या हक्काची होते. आमच्याकडे त्याला वहिवाट म्हणतात."

"मग डेलियाची वहिवाट केव्हाच झाली."

"पण तिची नोंद कुठे आहे? ती म्हणणार, मी हक्कानं जात होते. मी म्हणणार, परवानगीनं जात होतीस. तिनं परवानगी घेतल्याचं साक्षीदारानं सांगितलं, की झालं."

"आणि साक्षीदार?"

"शेजारचा एमन. आज सकाळी त्याला फाटकाशी उभं केलं. डेलिया आली. मी टोपी काढली, हसलो, म्हणालो, आजी, खुशाल जा. माझी परवानगी आहे तुम्हाला."

फिंटनचे हात थांबले.

"ती काय म्हणाली?"

"आभारी आहे म्हणाली. एमननं ऐकलं. म्हणजे तिनं ते मान्य केलं, ब्रदर! खटला उभाच राहू शकत नाही."

"मग गेली ती बाळाकडे?"

निरंजन चालता चालता थबकला.

"नाही... मागे फिरली. घरी गेली. हातात फुलं होती, ती तशीच."

निरंजन पुन्हा फिरू लागला.

"ब्रदर, चुकलं कुठे? कायद्यात चूक असेल तर दाखवा."

"कायद्यात चूक नाही."

"आमच्या यावलच्या मळ्यात शेजाऱ्यानं अशीच एक पायवाट पाडली. पुढे तीच गाडीवाट झाली. आजोबा भिडेखातर गप्प राहिले आणि केळीचा अख्खा पट्टा गेला. मी गप्प राहणार नाही."

फिंटन जरा सरकले. बाकावर हात ठेवून म्हणाले,

"बैस. माझी परवानगी आहे."

निरंजन बसायला वाकला... आणि तसाच ताठ झाला. त्याचा चेहरा उतरला.

"या बाकावर बसायला मला परवानगी लागते?"

"लागत नव्हती."

फिंटन वाटाणे सोलू लागले. निरंजन निरोपही न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डेलियाचं दार ठोठावलं. ती बाहेर निघाली नव्हती. कोट खुंटीवरच होता.

"काल दिलेली परवानगी मी मागे घ्यायला आलोय," तो म्हणाला.

डेलियानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे आता मनाई?"

"मनाई नाही, आजी. ती वाट तुमचीच आहे. परवानगी द्यायचा मला अधिकारच नव्हता. तसं कागदावर लिहून देतो, सरकारदरबारी नोंदवतो. घर मी दुसरीकडे बांधीन."

"काल रात्रभर डोळा लागला नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्याच्याकडे जाते. पाहुणी म्हणून कधी गेले नव्हते."

तिनं कोट चढवला. दोघं निघाले. एमन दुरून पाहत होता. शेत ओलांडून ती गडग्यापाशी पोचली आणि निरंजनही मागोमाग आत शिरू लागला. तशी ती वळली. त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

संध्याकाळी तो मठात आला. फिंटन भाजीच्या वाफ्याला पाणी घालत होते.

"वाट तिच्या नावानं लिहून दिली, ब्रदर. मधोमध वाट, कडेला खडक... घर बसेल अशी जागाच राहिली नाही."

"हं."

"सकाळी तिच्याबरोबर गेलो होतो. गडग्याशी तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे. शेत माझं, गडगा माझा, खरेदीखत माझ्या नावाचं. तरी विचारलं, मी आत येऊ का?"

"काय म्हणाली?"

"मान हलवली. नको म्हणाली."

"मग?"

"बाहेर उभा राहिलो. वारा झोंबत होता. ती येईपर्यंत तिथेच थांबलो... काय मिळालं मला, ब्रदर? सांगा ना. काय मिळालं?"

फिंटननी झारी खाली ठेवली.

"मालकी तुला खरेदीखतानं मिळाली होती," ते म्हणाले. "स्वतःवर ताबा आज मिळाला."