दादाचे खेकडे

एकदा एका वृद्ध गुरूंकडे एक तरुण सर्किट बोर्डांची आखणी शिकायला आला. त्याचा थोरला भाऊ तिथेच काम करीत असे. तो वारला, आणि त्याचे दिवस होताच हा धाकटा त्याच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

बोर्डावर प्रत्येक भागाचे पाय कुठे टेकतील, याचा नेमका आराखडा संगणकात जपून ठेवावा लागतो. त्याला फूटप्रिंट म्हणतात. थोरल्याने असे पुष्कळ फूटप्रिंट काढले होते आणि त्यांना लाडाची नावे दिली होती. चारी बाजूंनी पाय फुटलेल्या चौकोनी आयसी चिपला तो खेकडा म्हणे. धाकटा खेकडा, रुसलेला खेकडा, अशी सारी जत्राच. गुरूंनी ती नावे बदलायला सांगितली. आधी भागाचा प्रकार, मग पायांची संख्या, मग दोन पायांमधले अंतर.

शिष्य उसळला. "दादाचं एवढंच उरलंय, गुरुजी. मी हात लावणार नाही. हवं तर मला काढून टाका."

गुरूंनी त्याला काढले नाही. उलट ते सगळे फूटप्रिंट त्यांनी तसेच परगावच्या एका कारागिराला बोर्ड आखण्यासाठी पाठवून दिले. शिष्याला नवल वाटले; आपण जिंकलो असेही वाटले.

बोर्ड तयार झाले, तसा तो कारागीर ते घेऊन दारात हजर. आयसीचे पाय जागेवर बसतच नव्हते.

"कोणत्या येड्यानं काढलेत हे खेकडे? माप तरी घेता येत होतं का त्याला?"

शिष्य त्याच्या अंगावर धावला. गुरूंनी त्याचा दंड धरला.

"तुझ्या भावाचं माप केसभरही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "यांनी रुसलेल्या खेकड्याऐवजी धाकटा खेकडा घेतला. कोणता खेकडा कशावर रुसला, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. यांनी तुझ्या दादाला पाहिलंसुद्धा नाही. नाव अशाच माणसासाठी ठेवायचं असतं, बाळ. हे नुकसान मी सोसेन. तू त्याची लाडाची नावं जपलीस आणि त्याची मेहनत शिव्यांच्या तोंडी दिलीस."

शिष्याने दंड सोडवून घेतला. मग म्हणाला, "बदलतो. पण तुमच्यासाठी नाही. दादाला पुन्हा कुणी येडा म्हणता कामा नये."

त्याने एकेक नाव नियमाने लिहिले. मात्र खाली वर्णनाच्या जागेत जुनी नावे घातली आणि मान ताठ करून बसला. "ही ओळ पुसणार नाही."

गुरूंनी चष्मा लावून सगळे पाहिले.

"रुसलेल्याच्या खाली त्याचं जुनं नाव लिहायचं राहिलंय," ते म्हणाले.